वापरलेला पाळणा, नग एक

बिलावर एक ओळ जास्त होती. आल्हादने मोबाइल डोळ्यांपासून थोडा लांब धरला, चष्मा कपाळावर सरकवला आणि पुन्हा वाचलं. ‘पाळणा, लाकडी, वापरलेला, नग एक.’ त्याखाली किंमत. आणि किमतीखाली जीएसटी अठरा टक्के, तोही सगळ्या किमतीवर, जणू काही पाळणा आजच सकाळी सुताराच्या हातून उतरला होता. भिवंडीत धामणकर नाक्याजवळच्या एका कर सल्लागाराच्या कचेरीत आल्हाद ऐन विशीपासून लूमवाल्यांची आणि सुताच्या व्यापाऱ्यांची विवरणपत्रं भरत आला होता. दुसऱ्याच्या बिलातली चूक त्याला भातातल्या खड्यासारखी दाताखाली यायची. जुन्या मालाचा धंदा करणारा माणूस वस्तू घेतो, पुसूनबिसून तशीच विकतो, तेव्हा कर लागतो तो त्याला मध्ये सुटलेल्या फरकावर. फरकच सुटला नाही तर करही नाही. हे तो झोपेतसुद्धा सांगू शकला असता. समोरच्या टेबलावरच्या विपुलला तो आत्ता सांगणारही होता. “विपुल, हे बघ जरा,” असं ओठांवर आलंसुद्धा, आणि मग बिल कशाचं आहे हे त्याच्या ध्यानात आलं. त्याने मोबाइल पालथा घातला.

कारण कुणाला सांगितलेलं नव्हतं. शुक्रवारी मुलगी येणार होती. त्याला आणि त्याच्या बायकोला, यामिनीला, दोघांनाही चाळिशी उलटल्यावर, अर्ज केल्यापासून चार वर्षांनी, नाशिकच्या एका संस्थेतून अकरा महिन्यांची मुलगी दत्तक मिळणार होती. आणि ही गोष्ट त्या दोघांनी तोंडात पाणी धरून चालावं तशी जपली होती. बोललो तर सांडेल. यापूर्वी दोनदा सगळं जुळत आलं होतं आणि शेवटच्या घटकेला फिसकटलं होतं, आणि दोन्ही वेळा सांत्वनाला आलेल्या लोकांना चहा करता करता यामिनी थकून गेली होती. तेव्हा या खेपेला फक्त तात्यांना सांगितलं. तात्या म्हणजे आल्हादचे वडील. हायस्कुलात गणित शिकवून निवृत्त झालेले, आई गेल्यापासून घरातसुद्धा मोजकंच बोलणारे. त्यांनी ऐकून घेतलं, “बरं,” म्हणाले आणि वर्तमानपत्राचं पान उलटलं. त्या ‘बरं’ने आल्हादला किती दिवस छळलं होतं! अंघोळ करताना, सिग्नलला थांबला असताना, तो शब्द मनात उलटापालटा करून पाहायचा. बरं, म्हणजे ठीक आहे? बरं, म्हणजे करा तुम्हाला हवं ते? की बरं, म्हणजे हे माझ्या रक्ताचं नाही, तेव्हा मी यात नाही? समोरासमोर विचारायला जीभ रेटत नव्हती. तात्याही पुढे काही बोलले नाहीत. घरात तिघं माणसं, आणि तिघंही जेवताना भाजीत मीठ किती आहे यावर बोलत.

पाळणा जुनाच हवा, हे यामिनीचं म्हणणं. “बाळाला पहिलं अंगावर घालतात ते दुसऱ्या कुणाचं वापरलेलं, मऊ झालेलं. आमच्याकडे तसंच करतात. पाळणाही तसाच हवा, कुणीतरी ज्यात सुखाने झोपलंय असा.” पण जुनं मागायचं कुणाकडे? मागायचं म्हणजे सांगायचं. म्हणून मग दोघं सोफ्यावर खांद्याला खांदा लावून मोबाइलवर पाळणे बघत बसले. चोरून सिनेमाला आल्यासारखं वाटत होतं. हा पाळणा दिसला तेव्हा यामिनीने बोट ठेवलं ते काढलंच नाही. चार कोपऱ्यांना चार लाकडी पोपट, एकाची चोच उडालेली. “चोच नाही तोच आवडला मला,” ती म्हणाली.

आता कचेरीत बसून आल्हादला रागावायचं होतं आणि नीट रागावता येत नव्हतं. सबंध किमतीवर कर! अरे, या पाळण्यावर एकदा कर भरलेला आहे, तो मनात म्हणाला. आणि तिथेच ठेचकाळला. भरलेला आहे, म्हणजे कुणीतरी भरला आहे. ठाण्यात नाहीतर मुलुंडात कुठल्यातरी दुकानात कुणी एक बाप उभा राहिला असेल, त्याने पोपटांवरून हात फिरवला असेल, किंमत ऐकून जरा दचकला असेल आणि तरीही घेतला असेल. त्याचं मूल यात झोपलं, रडलं, दूध ओकलं, मोठं झालं. आल्हादच्या मनासमोर तो अनोळखी बाप इतका ठसठशीत उभा राहिला, की त्याच्या शर्टाचा घामट वाससुद्धा आला. आणि मग ज्या गोष्टीला तो इतके दिवस बगल देत होता ती आपोआप पुढे आली. त्या मुलीच्या अकरा महिन्यांत आपण नव्हतो. कुणीतरी तिला पाजलं, कुणीतरी थोपटलं, कुणाच्यातरी वासाने ती निजत असेल. शुक्रवारी आपण तिथे जाऊन उभे राहणार, दोन अनोळखी माणसं. तिने का म्हणून यावं? संस्थेत तिला पाहिलं होतं तेव्हा ती गाढ झोपलेली होती, दुपट्यात गुंडाळलेली. एका बाईंच्या खांद्यावर नुसती मान आणि काळंभोर जावळ दिसत होतं. उठवायचं नाही असं सांगितल्यामुळे दोघं पावलं न वाजवता उभे राहिले आणि पावलं न वाजवताच परत आले. तेव्हापासून त्याच्या मनात ती होती तेवढीच होती. खांद्यावर मावणारी, डोळे मिटलेली.

त्याने बिलावरच्या नंबरला फोन लावला. निदान भांडता तरी येईल.

“नमस्कार, बोला सर,” एका तरुण बाईचा आवाज आला, शिकवून घोटून घेतलेला.

“तुम्ही जुन्या वस्तूवर पूर्ण किमतीवर टॅक्स कसा लावलात?”

मग घोटलेला आवाज गळून पडला. “चुकला का हो? मला तर समद्यालाच तसा लागतो. पाळणा अजून इथंच हाय, गाडीत चढवला न्हाय. वडप्याला हायवेच्या बाजूला आपला गाळा हाय. तुमी कुठून बोलता?”

“भिवंडीतूनच.”

“मंग या की! आपल्याच गावातनं आपल्याच गावात कुरियर करत होतो बघा,” ती हसली.

दुपारच्या जेवणाच्या सुट्टीला जोडून त्याने थोडी रजा टाकली आणि स्कूटर बायपासला घातली. दोन्ही बाजूंनी कंटेनर घोंघावत होते, त्यांच्या वाऱ्याने स्कूटर हलत होती. वडप्याला शेतं होती तेव्हाचं त्याला थोडंफार आठवत होतं. लहानपणी पडघ्याला जाताना तात्या बसमधून बगळे मोजायला लावायचे. आता पांढऱ्या पत्र्याची गोदामं दूरवर ओळीने उभी होती, आणि जगात जे काही विकत मिळतं ते सगळं बहुधा त्यांच्या पोटात होतं. या एवढ्या अफाट मालात आपला चोच उडालेला पोपट, या विचाराने त्याला उगाचच बरं वाटलं.

गाळा लहानसा होता, ट्रक थांबायच्या मैदानामागे. आत पाय ठेवताच आल्हाद थबकला. वरपासून खालपर्यंत नुसतं बाळपण रचून ठेवलेलं होतं. बाबागाड्या, उंच खुर्च्या, प्लास्टिकचे टब, घोडे, छतापासून लोंबणारी खुळखुळ्यांची चक्रं. ओल्या लाकडाचा आणि साबणाचा वास. मध्ये बसकणावर एक म्हातारी बाई बादलीत फडकं बुडवून एका गाडीची चाकं घासत होती. फोनवर बोलली ती मेघाली. म्हातारी तिची सासू बायजाबाई. मेघालीने आधी शेजारच्याच एका मोठ्या गोदामात परत आलेला माल तपासायचं काम केलं होतं. तिथे तिने पाहिलं, की लोकांना वस्तू नको होते म्हणजे वस्तू वाईट असते असं नाही. मग सासू-सुनेने हा धंदा मांडला. मुंबई-ठाण्याच्या इमारतींतून पोरांच्या जुन्या वस्तू घ्यायच्या, धुऊनपुसून साइटवर विकायच्या.

“ज्यानं कॉम्प्युटर लावून दिला त्यानं समद्याला अठरा टाकून दिलं,” मेघाली म्हणाली. “साइटवर विकायचं तर जीएसटीचा नंबर घ्यावा लागतो म्हणाले, तो घेतला. पुढचं मला काय ठाव न्हाय.”

आल्हादने समजावलं. रागाने सुरुवात करायची त्याने ठरवलं होतं, पण त्या खुळखुळ्यांखाली उभं राहून रागावणं जमेना. “हा पाळणा तुम्ही घेतलात त्यापेक्षा जास्तीत विकलात?”

“कमीतच! कडी बदलली, त्याचा खर्च येगळाच.”

“मग यावर कर शून्य. जे तुम्हाला वर सुटतं तेवढ्यावरच द्यायचा. नुकसान झालं तर नाही.”

मेघाली खुर्चीत बसली. “म्हंजे आमी इतके दिवस जास्तीचा लावत होतो? आनि लोकं महाग म्हून सोडून जात होती?” मग लगेच तिचा चेहरा उतरला. “आनि ज्यांनी दिला त्यांचं काय, दादा?”

हा प्रश्न त्याला फार आवडला. त्याच्या नोकरीच्या एवढ्या वर्षांत हा प्रश्न कुणी विचारल्याचं त्याला आठवत नव्हतं. “मागची बिलं घेऊन या माझ्याकडे. जेवढी सुधारता येतील तेवढी सुधारू, लोकांचं लोकांना देऊ.” आणि मग न राहवून त्याने विचारलं, “पण पाळणा तोट्यात का विकलात?”

उत्तर बायजाबाईंनी दिलं, चाक घासता घासताच. “मीच सांगितलं तिला, कमी कर पर घालव. गाडी ऱ्हाऊ दे, खुर्ची ऱ्हाऊ दे. रिकामा पाळणा दुकानात लटकला की माझा जीव थाऱ्यावर ऱ्हात न्हाय. वारा आला की हलतो नं तो.” म्हातारीने मान वर केली. “कोनासाठी नेतो बाबा?”

बाहेर एक ट्रक मागे येत होता, त्याची पिंपिं चालली होती. इतके दिवस तोंडात धरलेलं पाणी. पण या बाईला काय ठाऊक होतं त्याचं? ती सांत्वनाला येणार नव्हती, तिला चहा करावा लागणार नव्हता. तिचे हात कोपरापर्यंत साबणाचे होते आणि ती नुसती वाट बघत होती.

“मुलीसाठी,” तो म्हणाला. “माझ्या मुलीसाठी.” शब्द ऐकायला इतके साधे वाटले, की त्याने पुढचंही सांगून टाकलं. “शुक्रवारी येणार आहे. दत्तक घेतोय आम्ही. अकरा महिन्यांची आहे.”

बायजाबाईंचं फडकं थांबलं. त्यांनी सुनेकडे पाहिलं, सुनेने त्यांच्याकडे. आता हे येणार, कुणाची, कुठली, ते सगळं येणार. आणि म्हातारी हसायला लागली. दात नसलेलं तोंड उघडून, डोळे पुसत, अंग हलवून हसायला लागली.

“अरे देवा! अकरा म्हयन्यांची? आनि पाळना? अरं बाबा, ती बसंल का त्याच्यात! ती उडी मारंल खाली! अकरा म्हयन्यांचं पोर केवढं असतं, ठावं हाय का तुला?” तिने ओला हात जमिनीपासून वर उचलला आणि हवेत एका जागी धरला. “येवढी असंल ती.”

हात त्याच्या गुडघ्याच्याही वर होता. आल्हाद त्या हाताकडे बघत राहिला. हाताखाली काहीच नव्हतं, साबणाचं पाणी टपकत होतं, आणि तरी तिथे कुणीतरी उभं होतं. अकरा महिने. हा आकडा त्याने किती कागदांवर लिहिला होता, आणि एकदाही त्याचं माणूस केलं नव्हतं. त्याच्या मनातली झोपलेली मुलगी त्या क्षणी जागी झाली, खांद्यावरून खाली उतरली आणि पायांवर उभी राहिली. तिला गुडघे फुटले, कोपरं फुटली, दात फुटले. तो हसायला लागला. आधी ओशाळून, मग मोकळेपणी. मेघालीही हसली, आणि तिघांच्या हसण्याने वरचे खुळखुळेही हलले की काय असं त्याला वाटलं.

“पाय टाकते का ती?” बायजाबाईंनी विचारलं.

“माहीत नाही.”

“इचार की मंग! बाप ना तू?”

त्याने बाहेर येऊन यामिनीला फोन केला. “अगं, आपण मूर्ख आहोत,” तो म्हणाला. “पाळण्यात मावायची नाही ती.” पलीकडे तिचंही हसू फुटलं. “अय्या! खरंच की रे! आल्हाद, आपण दोघांनी मिळून... थांब, मी संस्थेतल्या ताईंना विचारते.” तो ट्रकांच्या मैदानात उन्हात उभा राहिला. ड्रायव्हर झाडाखाली जेवत होते, त्यातल्या एकाने “आओ साहब, खाना खाओ” म्हणून हात केला. आल्हादने त्याला इतकं भरभरून हसून नमस्कार केला, की तो गोंधळलाच. फोन वाजला. “धरून उभी राहते!” यामिनी ओरडत होती. “खुर्ची ढकलत चालते म्हणे! सबंध खोलीभर! सगळ्यांच्या खुर्च्या पळवते!”

“खुर्ची ढकलते!” आल्हाद आत येऊन म्हणाला, परीक्षेचा निकाल सांगावा तसा.

बायजाबाई गुडघ्यांवर हात टेकून उठल्या आणि मागच्या ढिगातून त्यांनी एक पांगुळगाडा ओढून काढला. लाकडी, तीन चाकांचा, लाल-हिरवा रंग जागोजाग उडालेला, पण मुठी घासून घासून गुळगुळीत झालेल्या. आल्हादने मुठींवर हात ठेवला. कितीतरी तळहात त्या लाकडात मुरलेले होते. मघाचा तो अनोळखी बाप त्याला पुन्हा आठवला, पण आता त्याच्याबद्दल काही टोचलं नाही. उलट त्याला कुठेतरी गाठून सांगावंसं वाटलं, की बाबा रे, छान सांभाळलंत, आता द्या इकडे.

“याला कर न्हाई लावत तुम्हाला,” मेघाली म्हणाली.

“का? यात सुटतंय ना तुम्हाला?”

“थोडं सुटतंय.”

“मग त्या थोड्यावर लावा. माफ करणाऱ्या तुम्ही कोण, सरकार आहात?” त्याने स्वतः कॉम्प्युटरवर बसून पाळण्याचं बिल रद्द केलं आणि नवं बिल कसं करायचं ते तिला दाखवलं. फरकावरचा कर अगदीच किरकोळ आला. तो भरताना त्याला जो आनंद झाला तो त्याला कधी कुणा अशिलाला पटवून देता आला नसता. त्या फरकात बायजाबाईंची सगळी घासपूस होती. निघताना त्याने पाळण्याकडे पाहिलं. म्हातारीने ते टिपलं. “जाईल तो, काळजी नको करू. भाव कमी झाला आता त्याचा.”

पांगुळगाडा स्कूटरच्या पुढ्यात, पायांमध्ये घेऊन तो घरी आला तेव्हा तात्या बाहेरच्या खोलीत होते. आल्हादने गाडा जमिनीवर ठेवला. तात्यांनी चष्मा लावला, खाली वाकून चाक फिरवलं, ते कुरकुरलं. ते स्वयंपाकघरात गेले आणि खोबरेल तेलाची वाटी घेऊन आले. आल्हाद बघत राहिला. आज एकदा बोललेली जीभ जरा सैल होती.

“तात्या, तुम्ही इतके दिवस काहीच बोलला नाहीत.”

“तुम्ही दोघं बोलत नव्हतात,” तात्या तेलाचं बोट चाकाच्या आसाला लावत म्हणाले. “मला वाटलं, घरात हा विषय काढायचा नाही. मागच्या वेळी सूनबाई किती रडली. म्हणून मी घरात गप्प राहिलो.” त्यांनी चाक फिरवलं. “बाहेर बोललो.”

“बाहेर म्हणजे?”

“तलावावर. आमच्या फिरण्याच्या मंडळींत. मग खालच्या वाण्याकडे. मग दीपेश भेटला जिन्यात, तळमजल्यावरचा, त्याला सांगितलं. त्याने काय ते पुढे.” तात्या आता चक्क लाजले होते. “एवढी मोठी गोष्ट. माणूस किती दिवस पोटात ठेवील?”

आल्हादला आता सगळं उमजलं. गेले काही आठवडे जिन्यात भेटणारी माणसं जास्तच हसून बघत होती. त्याला वाटायचं आपल्या मनाचे खेळ. सगळ्या बिल्डिंगला ठाऊक होतं, आणि सगळी बिल्डिंग त्याच्यासमोर काही ठाऊक नसल्याचं सोंग करत होती.

शुक्रवारी नाशिकहून येताना मुलगी वाटभर जागी होती. ती रडली नाही, हसलीही नाही. यामिनीच्या मांडीवर उभी राहून ती आल्हादकडे टक लावून बघत होती, एखाद्या कडक अधिकाऱ्याने हिशेब बघावा तशी. तिची हनुवटी ओली होती. बायजाबाईंनी हात धरला होता त्याहून ती दोन बोटं उंचच होती. पडघा गेलं, वडपे गेलं, आल्हादने बोट दाखवून काहीतरी सांगितलं, तिने त्या बोटाकडेच पाहिलं आणि ते मुठीत धरलं. मग त्याने ते घरापर्यंत सोडवून घेतलं नाही. जिन्यात दारं उघडलेली होती. कुणाच्या हातात धुतलेली झबली, कुणाच्या हातात लोकरीची टोपी, सगळं जुनं, मऊ, नातवंडांचं. यामिनी प्रत्येक मजल्यावर रडली आणि या वेळी तिला कुणासाठी चहा करावा लागला नाही. चहा वरच्या मजल्यावरून आला.

दुपारी माणसं पांगली. मुलगी जमिनीवर बसली होती. तिने खोली पाहिली, तात्यांना पाहिलं, पांगुळगाडा पाहिला. मग ती रांगत गेली, मुठी धरून उभी राहिली आणि निघाली. खडखडखड. भिंतीला धडकली. वळता येईना, तशी संतापून किंचाळली. आल्हाद उठणार, तेवढ्यात तात्या दुखऱ्या गुडघ्यांसकट जमिनीवर बसलेसुद्धा होते. त्यांनी गाडा वळवून दिला. ती दुसऱ्या भिंतीवर गेली. तात्या बसल्या बसल्या सरकत तिकडे गेले. पुन्हा वळवलं. यामिनी म्हणाली, “तात्या, उठा आता, पाय धरतील.” तात्या म्हणाले, “मला आता उठता येत नाही, आणि तुम्ही कुणी उठवूही नका.”

मग आल्हादही खाली बसला, भिंतीला टेकून, पाय पसरून. गाडा त्याच्याकडे येऊ लागला. ती पुढे झुकली होती, जीभ दातांत, डोळे थेट त्याच्यावर. त्याला पाय बाजूला घेता आले असते. त्याने घेतले नाहीत. चाक त्याच्या अंगठ्यावरून गेलं आणि तो कळवळून ओरडला, “आई गं!” मुलगी थांबली. तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं, अंगठ्याकडे पाहिलं, पुन्हा तोंडाकडे पाहिलं. आणि मग त्या कडक चेहऱ्याला कुठूनतरी तडा गेला, खाली दोन आणि वर एक असे तीन दात दिसले, आणि ती खदखदून हसली.

आल्हादने दुसरा पाय पुढे केला.